लिनक्स-बीएसडी शिकताना काय वाचायचं, कुठं आणि कोणत्या क्रमानं

लिनक्स किंवा बीएसडी (युनिक्सच्या वळणाच्या फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी वगैरे) अशी मुक्त स्रोत ऑपरेटिंग सिस्टिम शिकायला बसलेल्या माणसाला माहितीचा तुटवडा कधीच नसतो. उलट ती अंगावर येते. एखादी अडचण शोधली की डझनभर पानं समोर येतात. त्यातलं एक आठ वर्षांपूर्वीचं, दुसरं भलत्याच डिस्ट्रोसाठी (म्हणजे लिनक्सच्या वेगळ्याच तयार संचासाठी) लिहिलेलं, तिसरं पहिल्याची नक्कल. नवखा माणूस तिन्हींतल्या कमांड एकापाठोपाठ एक चालवून बघतो आणि संध्याकाळी मशीन सकाळपेक्षा जास्त बिघडलेलं असतं. नेमकं उत्तर मात्र बऱ्याचदा त्याच मशीनच्या डिस्कवर, कुणी न उघडलेल्या फाईलमध्ये पडून असतं.

म्हणून इथे पुस्तकांची यादी देण्यापेक्षा वाचनाचा क्रम देतो. आधी आपली सिस्टिम कोणती ते पक्कं करायचं, मग मशीनवरचं डॉक्युमेंटेशन, मग प्रकल्पाचं अधिकृत हँडबुक, मग विकी, आणि समज पक्की करायला पुस्तक. सर्च इंजिन सगळ्यात शेवटी.

एक सूचना: कमांड आणि फाईलींची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. टाईप करताना ती रोमन लिपीतच करायची, आणि जवळपास सगळी लहान अक्षरांत.

सुरुवात करण्याआधी एवढं जवळ असू द्या:

- दुसरं एखादं उपकरण, फोन असला तरी चालेल. इन्स्टॉल करताना मुख्य मशीनवर वाचायची सोय नसते.
- इन्स्टॉलेशन गाईड उतरवून ठेवलेली. नेटवर्क कार्डच चाललं नाही तर ऑनलाइन पान काय कामाचं?
- हार्डवेअरची यादी. लिनक्सवर एलएसपीसीआय आणि एलएसयूएसबी, फ्रीबीएसडीवर पीसीआयकॉन्फ -एलव्ही. सध्याच्या सिस्टिमवरून ती आधीच काढून ठेवा.
- नोंदींसाठी एक साधी टेक्स्ट फाईल. तिचं काम शेवटी कळेल.

१. आपली सिस्टिम नेमकी कोणती, ते लिहून काढा

"माझ्याकडे लिनक्स आहे" एवढ्यावर कुठलंच डॉक्युमेंटेशन निवडता येत नाही. लिनक्सवर /ईटीसी/ओएस-रिलीज ही फाईल उघडा. तीत डिस्ट्रोचं नाव, आवृत्तीचा क्रमांक आणि बऱ्याच ठिकाणी आयडी_लाईक अशी एक ओळ असते. ही ओळ सांगते की तुमची डिस्ट्रो कुणावर बेतलेली आहे. लिनक्स मिंट या डिस्ट्रोवर तिथे उबुंटू आणि डेबियन दिसतील, म्हणजे मिंटच्या पानांवर उत्तर नाही सापडलं तर पुढे कुणाचं दार ठोठवायचं ते कळलं. कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, आवृत्ती यूनेम -आर देतं. फ्रीबीएसडीवर फ्रीबीएसडी-व्हर्जन ही स्वतंत्र कमांड आहे.

आवृत्तीचा एवढा आग्रह कशासाठी? एक उदाहरण बघा. डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलेशन इमेजमध्ये पूर्वी मुक्त नसलेलं फर्मवेअर (हार्डवेअरच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) नसायचं. त्यामुळे अनेक लॅपटॉपवर वायफाय चालत नसे आणि जुन्या गाईडमध्ये वेगळी अनधिकृत इमेज शोधून उतरवण्याचा खटाटोप सांगितलेला असे. २०२२ मध्ये प्रकल्पात मतदान झालं आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून हे फर्मवेअर अधिकृत इमेजमध्येच आलं. तो सल्ला तेव्हा बरोबर होता, आज तो फक्त वेळ खातो. सर्व्हिस चालू-बंद करण्याचंही तसंच. फेडोरा ही डिस्ट्रो २०११ मध्ये सिस्टिमडी या सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रामवर गेली, डेबियन २०१५ मध्ये. त्याआधीची पानं वाचत बसलात तर जुन्या पद्धतीच्या इनिट स्क्रिप्टच्या जंगलात शिराल.

ओपनबीएसडीवाल्यांनी जास्तच जपायला हवं. तिची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि दुरुस्त्या फक्त शेवटच्या दोन आवृत्त्यांना मिळतात.

२. मॅन पेज वाचायला शिका

मॅन पेज म्हणजे मॅन ही कमांड दिल्यावर मशीनवरच उघडणारं मॅन्युअलचं पान. हा टप्पा सगळे ओलांडून जातात, म्हणून इथे जरा थांबतो.

युनिक्सच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ ची. आजच्या मॅन पेजचा साचा तिथूनच आलेला आहे: नाव, वापराची ओळ, वर्णन, संबंधित फाईली, माहीत असलेले दोष. हे लिखाण नवख्याला शिकवण्यासाठी नाही, काम माहीत असलेल्याला तपशील आठवून देण्यासाठी आहे. म्हणून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला गेलं की ते डोक्यावरून जातं.

मॅन्युअलचे क्रमांक घातलेले विभाग असतात. १ मध्ये रोजच्या कमांड, २ मध्ये सिस्टिम कॉल (प्रोग्रामनं कर्नलकडे केलेल्या मागण्या), ३ मध्ये लायब्ररीची फंक्शन, ४ मध्ये उपकरणं आणि ड्रायव्हर, ५ मध्ये फाईलींची रचना, ६ मध्ये खेळ, ७ मध्ये संकीर्ण, ८ मध्ये ॲडमिनच्या कमांड. हे क्रमांक कशाला, ते पासडब्ल्यूडीवरून चटकन कळतं. नुसतं मॅन पासडब्ल्यूडी दिलं तर पासवर्ड बदलण्याच्या कमांडचं पान येतं. तुम्हाला हवी असते त्याच नावाच्या फाईलची रचना. ती मॅन ५ पासडब्ल्यूडी दिल्यावर येते: कोलननं वेगळे केलेले सात रकाने, कोणता कशाचा ते क्रमानं. हेच पान फ्रीबीएसडीवर उघडलंत तर मास्टर.पासडब्ल्यूडी या मूळ फाईलचे दहा रकाने दिसतील. नाव एक, क्रमांक एक, मजकूर वेगळा. दुसऱ्याच्या सिस्टिमचं पान ब्राउझरमध्ये वाचून आपल्या सिस्टिमवर हात घालणारे इथेच फसतात.

कमांडचं नावच माहीत नसेल तर मॅन -के आणि पुढे एखादा शब्द द्या. नावात किंवा एका ओळीच्या वर्णनात तो शब्द असलेल्या पानांची यादी येते. अप्रोपॉस ही कमांडही हेच करते. यादी रिकामी आली तर बहुतेक वेळा सूचीच बनलेली नसते. लिनक्सवर रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून मॅनडीबी चालवा, बीएसडीवर मेकव्हॉटिस.

आता वाचायचं कसं. आधी वरची नावाची ओळ, म्हणजे योग्य पानावर आहोत याची खात्री. मग सिनॉप्सिस, म्हणजे वापराची ओळ. या ओळीतली चिन्हं एकदा बसून समजून घेतली की पुढची शेकडो पानं सोपी जातात. चौकोनी कंसात आहे ते दिलं नाही तरी चालतं. तीन टिंबं म्हणजे आधीची गोष्ट एकाहून अधिक वेळा देता येते. उभी रेघ म्हणजे यातलं कोणतंही एक. सीपीचं पान उघडा. तिथे एका ओळीत सोर्सपुढे तीन टिंबं आहेत आणि शेवटी डिरेक्टरी आहे. म्हणजे कितीही फाईली द्या, पण शेवटचं नाव फोल्डरचंच हवं. दुसऱ्या ओळीत सोर्सपुढे टिंबं नाहीत आणि शेवटी डेस्ट आहे. म्हणजे एक फाईल, आणि नवं नाव काहीही. सीपीबद्दल नवखे जे विचारतात त्यातलं निम्मं या दोन ओळींत मिटतं.

त्यानंतर थेट शेवटाकडे उडी मारा, कॅपिटल जी दाबून. सी ऑल्सो (संबंधित पानांची यादी) तिथे असतं, आणि उदाहरणं दिलेली असलीच तर तीही सहसा तिथेच जवळपास. एखादा ऑप्शन शोधायचा तर स्लॅश दाबून, दोन-तीन स्पेस देऊन मग तो ऑप्शन टाईप करा. ऑप्शनच्या ओळी आत सरकवलेल्या असतात, त्यामुळे मजकुरातले इतर उल्लेख गाळले जातात. पुढच्या ठिकाणी जायला एन, बाहेर पडायला क्यू.

पानच सापडत नसेल तर कारण यांपैकी एक असतं:

- ती कमांड शेलच्या, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, आत असते. सीडी तशीच आहे. बॅश या शेलमध्ये मॅनऐवजी हेल्प सीडी द्या.
- तुम्ही कंटेनरमध्ये (मशीनच्या आतल्या वेगळ्या बंदिस्त जागेत) किंवा लहान केलेल्या इमेजवर आहात. जागा वाचवायला तिथून मॅन पेज काढून टाकलेली असतात. मोठ्या मशीनवर वाचा.
- पान वेगळ्या पॅकेजात आहे. डेबियन आणि उबुंटूवर विभाग २ आणि ३ साठी मॅनपेजेस-डेव्ह हे पॅकेज लागतं.
- परवान्याचा प्रश्न आहे. डेबियननं २००६ मध्ये ठरवलं की ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या डॉक्युमेंटेशन परवान्यातले न बदलता येणारे भाग असलेली पुस्तिका मुख्य विभागात ठेवायची नाही. म्हणूनच तिथे जीसीसी हा ग्नूचा कम्पायलर असतो पण त्याची मॅन्युअल नसते. ती नॉन-फ्री विभाग चालू करून वेगळी आणावी लागते.

बीएसडीचा चौथा विभाग तर हार्डवेअर विकत घेण्याआधी वाचावा असा आहे. तिथल्या ड्रायव्हरच्या पानांवर तो ड्रायव्हर कोणत्या चिप आणि कार्ड चालवतो याची यादी असते. लिनक्सचा चौथा विभाग त्यामानाने रोडावलेला.

३. डिस्कवरचं बाकीचं

/यूएसआर/शेअर/डॉक या फोल्डरमध्ये पॅकेजनिहाय फाईली असतात. डेबियनवर रीडमी.डेबियन नावाची फाईल दिसली तर ती आधी उघडा. मूळ सॉफ्टवेअर आणि डेबियनचं पॅकेज यांत काय फरक केलाय ते तिथे असतं, आणि ते मूळ प्रकल्पाच्या पानांवर कधीच सापडणार नाही. फ्रीबीएसडीवर /यूएसआर/शेअर/एक्झाम्पल्स चाळा.

ग्नूची सविस्तर माहिती इन्फो या वेगळ्या प्रकारात असते आणि तिच्या कळा कुणालाच आवडत नाहीत. इन्फोचं आउटपुट उभ्या रेघेनं लेस या मजकूर दाखवणाऱ्या कमांडला जोडा (पाइप करा), सगळा मजकूर सलग वाचता येतो.

४. प्रकल्पाचं अधिकृत हँडबुक

मॅन पेज एका कमांडबद्दल बोलतं. काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसं करायचं ते हँडबुकात असतं. प्रत्येक प्रकल्पाची तऱ्हा निराळी.

फ्रीबीएसडीचं हँडबुक मला नवख्यांसाठी सगळ्यात नीट वाटतं. इन्स्टॉलेशनचं प्रकरण आणि त्यापुढचं मूलभूत गोष्टींचं प्रकरण क्रमानं वाचा. जेल (प्रोग्राम वेगळे बंदिस्त ठेवायची सोय), झेडएफएस (डिस्कवर फाईली ठेवायची पद्धत) वगैरे प्रकरणं गरज पडेल तेव्हा. ते पॅकेज म्हणूनही मिळतं, म्हणजे नेटशिवाय वाचता येतं.

डेबियनची तीन पुस्तकं नवखे सतत एकमेकांत गोंधळतात. इन्स्टॉलेशन गाईड फक्त इन्स्टॉल करण्यापुरतं, आणि ते प्रोसेसरच्या प्रकारानुसार वेगळं असतं. डेबियन रेफरन्स हे वापरणाऱ्याचं, पटकन संदर्भ बघायचं पुस्तक. राफाएल हर्त्झॉग आणि रोलां मास यांचं ॲडमिनिस्ट्रेटर्स हँडबुक मूळ फ्रेंच. लोकवर्गणीतून त्याचं इंग्रजी भाषांतर झालं आणि २०१२ मध्ये ते मुक्त परवान्याखाली आलं. मशीन सांभाळायचं असेल तर हे घ्या. शेवटची दोन्ही पॅकेज म्हणून इन्स्टॉल होतात.

ओपनबीएसडीचं जाडजूड हँडबुक नाही. त्यांचा भर एफएक्यू (नेहमीचे प्रश्न आणि उत्तरं) आणि मॅन पेजवर आहे, आणि ती मॅन पेज इतकी नेटकी असतात की दुसऱ्या सिस्टिमवर काम करतानाही समज यायला ती वाचावीत. इन्स्टॉल झाल्यावर रूटच्या मेलबॉक्समध्ये प्रकल्पाचे प्रमुख थिओ द राट यांच्या नावानं एक मेल आलेलं असतं. त्यात आफ्टरबूट हे आठव्या विभागातलं पान वाचायला सांगितलेलं आहे. ऐका त्यांचं. पहिल्या बूटनंतर काय काय तपासायचं याची ती यादी आहे.

जेंटू या डिस्ट्रोचं हँडबुक प्रोसेसरनुसार वेगळं आहे. आपलंच उघडलंय ना ते पानाच्या शीर्षकात बघा. लिनक्स फ्रॉम स्क्रॅच हे सगळी सिस्टिम सोर्समधून बांधायला शिकवणारं पुस्तक उत्तम आहे, पण पहिलं म्हणून नको. आधी वर्षभर एखादी तयार डिस्ट्रो वापरा.

५. अपग्रेडच्या आधी वाचायचं

रिलीज नोट्स. सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित. डेबियनच्या रिलीज नोट्समध्ये त्या आवृत्तीत काय मोडू शकतं याचं स्वतंत्र प्रकरण असतं. अपग्रेड बिघडल्यावर लोक जे विचारत फिरतात ते बहुतेक तिथे आधीच छापलेलं असतं. डेबियनमध्ये एक आवृत्ती गाळून पुढे उडी मारायला पाठिंबा नाही, ओपनबीएसडीमध्येही नाही. फ्रीबीएसडीवर पोर्ट्समधली (सॉफ्टवेअर सोर्समधून बांधायच्या संग्रहातली) अपडेटिंग नावाची फाईल बघा. आर्च या डिस्ट्रोवर पॅकमन ही पॅकेज आणणारी कमांड चालवण्याआधी प्रकल्पाच्या मुखपृष्ठावरच्या बातम्या, जेंटूवर ईसिलेक्ट न्यूज.

६. विकी, पण बेतानं

आर्चची विकी आर्च न वापरणाऱ्यांनाही उपयोगी पडते, यात वाद नाही. पण वाचताना तिचे दोन भाग पाडा. एखादं सॉफ्टवेअर कसं चालतं, त्याच्या कॉन्फिगरेशन फाईलमध्ये कोणती ओळ काय करते, हा भाग कुठेही लागू. पॅकेजचं नाव, फाईलची जागा, मुळातली सेटिंग हा भाग आर्चपुरता. आर्चला आवृत्त्या नसतात, ती सतत पुढे सरकते. तुमच्या स्थिर डिस्ट्रोवरचं सॉफ्टवेअर दोन वर्षं जुनं असेल तर विकीत सांगितलेला ऑप्शन त्यात आलेलाही नसेल. अशा वेळी आपल्या मशीनवरच्या मॅन पेजचा शब्द अंतिम मानायचा.

पानाच्या डोक्यावर "जुनं झालंय" किंवा "अचूकतेबद्दल शंका" अशी पट्टी असेल तर ती शोभेची नसते. पानाचा इतिहासही बघता येतो; शेवटचा खरा बदल कधी झाला ते दोन क्लिकमध्ये कळतं.

७. पुस्तक कधी घ्यायचं

कॉन्फिगरेशन शिकवणारी पुस्तकं लवकर शिळी होतात, संकल्पना शिकवणारी टिकतात. विकत घेण्याआधी प्रकाशनाचं वर्ष आणि कोणती आवृत्ती धरून लिहिलंय ते बघा.

टर्मिनलची भीती घालवायला विल्यम शॉट्स यांचं "द लिनक्स कमांड लाईन" पुरेसं आहे. त्याची पीडीएफ क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळते, तेव्हा पैसे खर्च करायची घाई नको. फ्रीबीएसडीसाठी मायकल लुकास यांचं "ॲब्सोल्यूट फ्रीबीएसडी", तिसरी आवृत्ती, २०१८. हँडबुक कोरडं वाटणाऱ्यांना ते बरं पडेल. सिस्टिम कॉलच्या पातळीवर उतरायचं असेल तर मायकल केरिस्क यांचा दीड हजारांहून अधिक पानांचा ग्रंथ आहे. तो २०१० चा असूनही बहुतांश लागू पडतो, कारण चालू प्रोग्राम मोडतील असे बदल करायचे नाहीत हा लिनक्स कर्नलचा नियम आहे. हा नियम कर्नलच्या आतल्या भागाला मात्र लागू नाही. ड्रायव्हर लिहायला शिकवणारं २००५ चं प्रसिद्ध पुस्तक कर्नल २.६.१० धरून लिहिलेलं आहे. ते मोफत मिळतं म्हणून लोक आजही उतरवतात आणि त्यातला कोड आजच्या कर्नलवर कम्पाईल का होत नाही म्हणून डोकं धरून बसतात. कल्पनांसाठी वाचा, कोड कर्नलच्या आताच्या डॉक्युमेंटेशनमधून घ्या.

८. कमांड चालवण्याआधी थांबायच्या जागा

ओळीच्या सुरुवातीचं डॉलरचं चिन्ह म्हणजे साधा वापरकर्ता, हॅशचं चिन्ह म्हणजे रूट. ती चिन्हं टाईप करायची नसतात. हॅशसकट चिकटवलंत तर शेल ती ओळ टिप्पणी समजून सोडून देतं: चूक दाखवली जात नाही, काम होत नाही, आणि तुम्ही समजता की झालं.

पीडीएफमधून कॉपी करताना दोन वजा चिन्हांची एक लांब रेघ होते आणि सरळ अवतरणचिन्हं वळणदार होतात. दिसायला सगळं ठीक, शेलला मात्र काही कळत नाही. अशा ओळी हातानं टाईप करा.

डिस्कचं नाव कधीही पानावरून उचलू नका. लेखकाची एसडीए ही त्याची डिस्क होती. तुमच्याकडे त्या नावावर सगळा डेटा असू शकतो. लिनक्सवर एलएसबीएलके चालवून, आकार ताडून, मग हात लावा.

एकाच नावाची कमांड ग्नू आणि बीएसडीवर वेगळी वागते. सेड -आयला फ्रीबीएसडीवर बॅकअपचा प्रत्यय द्यावाच लागतो, ग्नूवर नाही. लिनक्सच्या पानावरची ओळ तशीच उतरवली की बीएसडी तुमची बदलाची सूचनाच प्रत्यय म्हणून गिळते आणि भलतीच चूक दाखवते.

चॅटबॉटनं सांगितलेला ऑप्शनही आधी मॅन पेजमध्ये शोधा. नसलेले ऑप्शन ते छातीठोकपणे सांगतात.

९. नोंदी ठेवा, आणि चूक सापडली तर कळवा

सुरुवातीला सांगितलेल्या टेक्स्ट फाईलमध्ये दर बदलाला चार गोष्टी लिहा: तारीख, कोणती फाईल बदलली, आधी त्या ओळीत काय होतं, कोणत्या पानावरून घेतलं. पुढच्या अपग्रेडनंतर काही बंद पडलं तर शोध तिथून सुरू होतो.

डॉक्युमेंटेशनमधली चूक हाही बग मानला जातो. ओपनबीएसडीत तर विशेष गांभीर्यानं. डेबियनवर रिपोर्टबग ही कमांड पॅकेजचं नाव आणि आवृत्ती आपोआप भरते. फ्रीबीएसडीच्या बगझिला या चुका नोंदवायच्या साइटवर डॉक्युमेंटेशनचा स्वतंत्र विभाग आहे. विकीवर खातं काढून स्वतः दुरुस्ती करता येते, पण मोठा बदल असेल तर आधी त्या पानाच्या चर्चेत लिहा. कळवताना पानावरचं वाक्य जसंच्या तसं, तुम्ही चालवलेली कमांड आणि प्रत्यक्षात आलेलं आउटपुट द्या. सोबत ओएस-रिलीजमधला आवृत्तीचा क्रमांक जोडा, नाहीतर पहिलं उत्तर तो विचारणारंच येईल.